आडनाव विचारून भाडं वेळेवर येत नाही

पुण्यात भाड्याची खोली बघायला गेलेल्या माणसाला पगार आधी कुणी विचारत नाही. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, घरात नॉनव्हेज शिजतं का, लग्न झालंय का, मित्रमैत्रिणींची ये-जा असते का, हे आधी होतं. नोकरी कुठे, याआधीचं घर का सोडलं, हे प्रश्न आलेच तर शेवटी, चपला घालता घालता येतात. मुंबईत हे काम एजंट फोनवरच उरकतो. 'फॅमिली की बॅचलर' आणि 'व्हेज की नॉनव्हेज' या दोन प्रश्नांतून पार पडलात तरच घराची किल्ली मिळते, तीही नुसती बघण्यापुरती.

ही चाळणी अन्यायाची आहे हे अनेकांनी लिहिलंय आणि ते खरंच आहे. मला त्यापुढे आणखी एक म्हणायचंय, ते भाडेकरूंपेक्षा मालकांना उद्देशून. ही चाळणी कुचकामी आहे. मालकाला झोप लागू देत नाहीत अशा भीती तीन: भाडं थकेल, घराची नासधूस होईल, मुदत संपल्यावर माणूस हलणार नाही. यांतली एकही गोष्ट आडनावावरून किंवा स्वयंपाकघरातल्या वासावरून कळत नाही. शाकाहारी, विवाहित, 'आपल्यातल्या' माणसाने चार महिन्यांचं भाडं बुडवल्याच्या कहाण्या प्रत्येक सोसायटीत सापडतील. फक्त त्या सांगताना कुणी 'शाकाहारी लोक असेच' असं म्हणत नाही.

मालकाची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. भाड्याने घर देणारा प्रत्येक जण धनदांडगा नसतो. निवृत्तीच्या पैशातून सिंहगड रोडला एक वन बीएचके घेतलेला शिक्षक, नवऱ्यामागे राहत्या घरातली पुढची खोली देणारी विधवा, यांच्यासाठी ते भाडं म्हणजे पेन्शन असतं. त्यांनी निवड करू नये असं म्हणणं अव्यवहारी आहे. आणि त्यांच्या भीतीला इतिहास आहे.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरची घरटंचाई, त्यात फाळणीचे निर्वासित. त्या घडीला ते योग्यच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत अर्धं शतक टिकला. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत भाडं इतकं क्षुल्लक उरलं की त्यात जिन्यातला दिवा लावणंही परवडेना. मालकांनी डागडुजी सोडली, इमारती खचल्या, आणि उपकर गोळा करून त्यांना टेकू देण्याचं काम सरकारच्या गळ्यात पडलं. मालक-भाडेकरूंनी आपापसात पागडीची, म्हणजे घराच्या ताब्यापोटी एकरकमी पैसे घेण्याची, वाट काढली. यातून सुटायला लोक 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणारा करार, करू लागले, तर १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला चालू करारावर राहत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. ज्यांनी वर्षभरासाठी म्हणून घर दिलं होतं, त्यांच्या घरात रातोरात कायमचा भाडेकरू आला. 'एकदा घुसला की निघत नाही' हे वाक्य मराठी घरांत तेव्हापासून मुक्कामाला आहे.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं म्हटलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने बरंचसं तसंच ठेवलं. मात्र नव्याने लिव्ह अँड लायसन्सवर राहायला घर देणाऱ्याची बाजू त्याने पुष्कळच भक्कम केली, आणि नेमकं हेच मालकांच्या कानापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

कलम २४ बघा. मुदत संपली आणि माणूस हलला नाही, तर मालकाला दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. त्यासाठी वेगळा सक्षम प्राधिकारी आहे. करारात लिहिलेली गोष्ट तिथे निर्णायक पुरावा मानली जाते. मुदतीनंतर घर अडवून बसलेल्याला ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. तारखा तिथेही पडतातच, त्याबद्दल खोटी आशा लावण्यात अर्थ नाही. पण १९७३ च्या मालकाच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

याला अट एकच, कलम ५५: करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आता गंमत बघा. अर्धा तास आडनावाची नि आहाराची उलटतपासणी घेणारा मालक शेवटी म्हणतो, 'नोटरी करून घेऊ, रजिस्ट्रेशनचा खर्च कशाला?' खर्च तरी किती? अठरा हजार भाडं, पन्नास हजार अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरली तर पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क पाचेकशे रुपये होतं. शहरात नोंदणी फीचे हजार आणि किरकोळ खर्च वेगळा. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. जे कवच दोनेक हजारांत मिळतं ते नाकारायचं आणि भाडेकरूच्या ताटात काय आहे ते बघायचं, याला सावधपणा कसं म्हणायचं?

करार अकरा महिन्यांचाच करायच्या रिवाजाचंही असंच. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली, ती चुकवायला अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात गेली पंचवीस वर्षं लिव्ह अँड लायसन्स कितीही मुदतीचं असलं तरी नोंदवावंच लागतं. पळवाट बंद झाली, सवय उरली. परिणाम इतकाच की दर अकरा महिन्यांनी एजंटाची दलाली होते आणि चांगला टिकणारा भाडेकरू विनाकारण नवं घर शोधू लागतो.

तरीही आडनावाची चाळणी का सुटत नाही? माझ्या मते तिचा धोक्याशी फारसा संबंधच नाही. शेजारी कोण दिसावं याबद्दलची आपली आवड आपण धोक्याच्या भाषेत सांगतो. आणि नकार स्वतःच्या तोंडाने द्यायचं धाडस नसल्यामुळे तो नेहमी दुसऱ्याच्या नावावर फाडतो. 'माझं काही नाही हो, पण सोसायटीत चालत नाही.' 'आईला सोवळं लागतं.' 'शेजारचे जुन्या वळणाचे आहेत.'

ही रीत जुनी आहे. डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये परदेशातून शिकून बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना डोकं टेकायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावं लागलं आणि ओळख उघडी पडताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. त्यानंतरचा भाग मला जास्त बोचतो. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एक हिंदू होता. त्याने सांगितलं की तू आलास तर माझे नोकर काम सोडून जातील. दुसरा ख्रिस्ती होता, त्याने बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं. दोघांनीही 'मी नाही म्हणतो' असं म्हटलं नाही. शंभराहून जास्त वर्षांनी नोकरांच्या आणि बायकोच्या जागी सोसायटी आली आहे.

हा भेद भासाचा नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची चौकशी करून अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नकार सर्वाधिक मुसलमानांच्या वाट्याला आला, त्याखालोखाल दलितांच्या. तो दिल्लीचा म्हणून आपण हात झटकू शकत नाही. फोनवर नाव सांगताच 'आत्ताच गेलं हो घर' हे वाक्य ऐकलेले लोक पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात आहेत.

मराठी माणसाला या प्रकाराची चव अधूनमधून स्वतःलाही मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा बघताना एका सोसायटीत महाराष्ट्रीय चालत नाहीत असं सांगण्यात आलं. त्याचा व्हिडिओ फिरला, राज्यभर संताप उसळला, माफी मागितली गेली, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. संताप रास्तच होता. पण तेव्हा तावातावाने बोलणाऱ्यांपैकी ज्यांचा दुसरा फ्लॅट आहे, त्यांनी आपली जाहिरात एकदा काढून वाचावी. 'फक्त महाराष्ट्रीय शाकाहारी कुटुंबास' ही ओळ लिहिणारा आणि मुलुंडची ती सोसायटी यांच्यात मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. मासे खातो म्हणून मुंबईत घर नाकारलेला मालवणी माणूस पुण्यातल्या आपल्या फ्लॅटसाठी 'बॅचलर नकोत' म्हणतो तेव्हा तर हसावं की रडावं कळत नाही.

'माझं घर आहे, मी कुणालाही देईन.' हा युक्तिवाद मी हलक्यात घेत नाही, पण सरसकट मान्यही करत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न इथे दोन भागांत फुटतो, आणि आपण ते भाग वेगळे करत नाही म्हणून चर्चा पुढे सरकत नाही.

तुम्ही राहत असलेल्या घरातली एक खोली देता, तेव्हा ओटा, संडास-बाथरूम, फ्रिज, दाराची कडी सगळं सामायिक असतं. तिथे घरात मांस शिजवू नका म्हणणं, एकट्या बाईने फक्त बाईलाच ठेवणं, रात्री अकरानंतर दार उघडणार नाही असं सांगणं, हे मला मान्य आहे. तो तुमच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. अट वागण्याची असावी, जन्माची नसावी, एवढं तिथेही म्हणेन. पण कायद्याने तुमच्या स्वयंपाकघरात शिरावं असं म्हणणार नाही. अमेरिकेच्या १९६८ च्या घरभेदभावविरोधी कायद्यातही चारपर्यंत बिऱ्हाडांच्या, मालक स्वतः राहत असलेल्या इमारतीला बरीच सूट आहे, मात्र भेदभावाची जाहिरात करायला तिथेही मनाई आहे. न्यू जर्सीत भाड्याने राहणाऱ्या आपल्या मुलांना घर मिळतं ते अशाच कायद्याच्या छत्राखाली, हे त्यांच्या पुण्यातल्या आईवडिलांना ठाऊक असावं.

पण तुम्ही कोथरूडला राहता आणि वाकडचा फ्लॅट भाड्याने देता, तेव्हा तिथल्या कढईत काय तळलं जातं याच्याशी तुमचा काय संबंध? तो तुमचा संसार नाही, धंदा आहे. प्राप्तिकर खातंही त्याला उत्पन्नच समजतं, आणि घराच्या देखभालीपोटी त्या भाड्यातून तीस टक्के वजावट एकही बिल न मागता देतं. 'भिंतींना तेलाचे डाग पडतात हो' म्हणणाऱ्यांनी ती वजावट आठवावी. डाग पडले तर अनामत आहे, रंगारी आहे.

सोसायटीचा तर याहून कमी संबंध. सहकारी सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) सभासदाने घर लिव्ह अँड लायसन्सवर देताना सोसायटीला आगाऊ कळवायचं असतं आणि कराराची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. तरी समितीचे सेक्रेटरी भाडेकरूला ऑफिसात बोलावून मुलाखत घेतात, 'एनओसी' अडवतात, बॅचलरसाठी वेगळा आकार लावतात. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो आकार, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शासनाचा आदेश ऑगस्ट २००१ चा आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आहे. पोलिसांचंही तेच. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी असा आदेश पोलीस आयुक्त काढतात, ती द्यावीच. पण माहिती देणं म्हणजे पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणणं नव्हे. समित्या मात्र भाडेकरूला तो आणायला पिटाळतात.

मग निवड करायचीच नाही? करायची, कसून करायची, फक्त उपयोगी पडेल अशी.

सगळ्यात कामाचा आहे आधीच्या घरमालकाचा फोन नंबर. आणि जमलं तर त्याच्याही आधीच्या मालकाचा घ्या. सध्याच्या मालकाला ब्याद टळायला हवी असेल तर तो भाडेकरूचं तोंडभरून कौतुक करील. दोन घरांपूर्वीच्या मालकाला खोटं बोलण्याचं कारण उरलेलं नसतं. त्याला तीन गोष्टी विचारा: भाडं साधारण कोणत्या तारखेला यायचं, सोडताना घर कसं होतं, निघायची नोटीस किती दिवस आधी दिली. या तीन उत्तरांत माणसाबद्दल जे कळतं ते त्याच्या कुलदैवतावरून कळत नाही. पहिल्यांदाच शहरात आलेल्या पोराकडे आधीचा मालक नसतो. तिथे वसतिगृहाचा रेक्टर, नोकरीतला वरिष्ठ, गावाकडचा पालक चालतो.

उत्पन्न विचारण्यात संकोच कसला? भाडं पगाराच्या एक तृतीयांशापलीकडे जात असेल तर माणूस कितीही सज्जन असो, सहाव्या महिन्यात ओढाताण होणार. एकट्या तरुणाला पस्तीस हजार पगार आणि अठरा हजार भाडं, हे गणित जमत नाही. तेच तिघे बॅचलर मिळून राहणार असतील तर जमतं. म्हणजे ज्यांना आपण दारातून परत पाठवतो ते तीन बॅचलर पैशाच्या दृष्टीने एका पगारावर चालणाऱ्या कुटुंबापेक्षा सुरक्षित असू शकतात. एकाची नोकरी गेली तरी दोघांची असते.

ताबा देताना घराचे फोटो, मीटरचं रीडिंग, पंखे-गिझर-नळ यांची यादी, दोघांच्या सह्या. नळाचा वॉशर कुणी बदलायचा आणि गळती निघाली तर खर्च कुणाचा, हे करारात लिहा. भाडं बँकेतूनच घ्या. पाहुणे, पार्किंग, आवाजाची वेळ यांच्या अटी घालायच्या तर सगळ्यांना सारख्या घाला. नवरा-बायकोच्या पार्टीचा आवाज बॅचलरांच्या पार्टीपेक्षा हळू असतो असं काही नाही.

चाळणीची किंमत मालकही मोजतो, ती कुणी वहीत मांडत नाही एवढंच. हवं तसं कुटुंब मिळेपर्यंत अठरा हजारांचा फ्लॅट तीन महिने बंद राहिला की चौपन्न हजार गेले, वर मेंटेनन्स चालूच. घाबरून अजिबात भाड्याने न दिलेली घरं तर किती! २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटीहून जास्त घरं रिकामी आढळली. त्यात गुंतवणुकीची, न विकलेली, वारसांच्या भांडणात अडकलेली घरं आहेतच. पण 'नको ती कटकट' म्हणून कुलूप लावलेलीही आहेत. त्याच शहरांत स्पर्धा परीक्षेची पोरं सदाशिव पेठेत एका खोलीत चार-पाच जण कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं देऊन, राहतात.

कायद्यात मला दोन बदल हवेत. संविधानाच्या पंधराव्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं, पाणवठे यांत जातीधर्मावरून अडवायला बंदी केली. भाड्याच्या खाजगी घराचा तिथे उल्लेख नाही. ही उणीव राज्याने भाडे कायद्यातच भरावी. मालक राहत नसलेल्या घरासाठी जात, धर्म, भाषा, आहार किंवा वैवाहिक स्थितीवरून नकार देणं, तशी जाहिरात करणं याला दंड असावा. स्वतःच्या राहत्या घरातली खोली वगळावी. एकेकट्या मालकाचा हेतू सिद्ध करणं कठीण जाईल हे दिसतंच. म्हणून दुसरा बदल जास्त महत्त्वाचा: सोसायटीच्या समितीने भाडेकरू अडवला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा आणि दंड समितीच्या सभासदांकडून वसूल करावा. सोसायटी ही सरकारी कायद्याखाली नोंदलेली सहकारी संस्था आहे, ठराव आणि इतिवृत्त लिहिते. तिचा नकार कागदावर सापडतो. शिवाय सोसायटीचं निमित्त काढून घेतलं की 'माझं काही नाही हो' म्हणणाऱ्या मालकांपैकी निम्म्यांचं खरोखरच काही नसतं, असा माझा अंदाज आहे.

आणि चौकशी दोन्हीकडून व्हावी. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित ठेवायला सुचवलं आहे, पण तो स्वीकारणं राज्यांच्या मर्जीवर आहे. तोवर पन्नास हजार, लाख, मुंबईत त्याहून जास्त रक्कम मालकाच्या हाती बिनव्याजी देऊन, सोडताना 'पेंटिंगचे इतके, क्लीनिंगचे इतके' ऐकायची पाळी भाडेकरूवर येते. मालकाने आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला की भाडेकरूने तो द्यावा, आणि त्या घरात याआधी राहून गेलेल्या भाडेकरूचा नंबर मागून घ्यावा. अनामत किती दिवसांत परत मिळाली आणि किती कापून मिळाली, एवढं त्याला विचारलं की पुरे.